फ्रीजरमधली जागा

मुलांनो, समजा तुम्ही एका घरी पाहुणे म्हणून गेला आहात. बाहेर उकाडा आहे, घसा कोरडा पडलाय, आणि घरातलं कुणीतरी सहज म्हणतं, "फ्रीजरमधून बर्फ घ्या ना." आता तो फ्रीजर डोळ्यांसमोर आणा. डोळे मिटू मात्र नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? दार उघडलं, चेहऱ्यावर गार वाफ आली. आत काय आहे? बर्फाचा ट्रे असेल, मटारची पिशवी असेल, तळाशी काहीतरी गोठून बसलेलं असेल, जे काय आहे ते घरातही कुणाला आठवत नसेल.

पण ज्या घराची ही गोष्ट आहे, तिथे फ्रीजर उघडला की आत पुस्तकं दिसायची.

प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेली, फितीने बांधलेली, एकावर एक रचलेली पुस्तकं. नवा माणूस ते बघून आधी दचकायचा आणि मग हसायचा. घरातल्यांना त्यात काही विशेष वाटत नसे. या घरातले बाबा जुनी पुस्तकं दुरुस्त करायचे. पुढच्या खोलीत त्यांचं टेबल होतं, पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी दाबयंत्र, सरसाचं भांडं, जाड सुया, मेण लावलेला दोरा. लोक फाटकी, सुटी झालेली पुस्तकं घेऊन यायचे. काही पुस्तकांना कसर लागलेली असायची, म्हणजे बारीक किडे पानं पोखरत आत राहत असायचे. किडे मारायला औषध मारलं तर कागद खराब होतो. म्हणून बाबा ते पुस्तक गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवत. बरेच दिवस कडक थंडीत राहिलं की किडे मरतात आणि पुस्तकाला काही होत नाही.

त्यांची मुलगी भिंगरी. शाळेतलं नाव वेगळं होतं, पण ती एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यामुळे घरात आणि जिन्यात सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिची आई शहराची बस चालवायची. घरात सगळ्यात मोठा आवाज आईचा, आणि सगळ्यात मोठं हसूही तिचंच.

तर एका सकाळी काय झालं, गडबडीत पाव तव्यावर जास्त वेळ राहिला आणि त्याच्या कडा काळपट झाल्या. भिंगरीने तो मध घातलेल्या दुधात बुडवला आणि हाका ऐकून तशीच शाळेला पळाली. परत आल्यावर बघते तर पावाचा लगदा तळाशी, आणि वर निवलेलं दूध. टाकून द्यायच्या आधी तिने एक घोट घेतला आणि ती चक्क जागच्या जागी उभी राहिली. त्या दुधाला भाजलेल्या पावाची चव आली होती. खमंग, गोड आणि कडेला जरासं करपलेलं.

याचं आइस्क्रीम झालं तर?

ती आइस्क्रीमच्या दुकानात विचारून आली. दुकानदाराने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि बेकरी समोरच्या बाजूला आहे, असं सांगितलं. म्हणजे हे आइस्क्रीम जगात कुठेच मिळत नव्हतं. ते आपणच करायला हवं होतं. आणि शाळेच्या वाटेवर भांड्यांच्या दुकानाच्या काचेत तर घरी आइस्क्रीम करायचं मशीन कधीपासून बसलेलं होतं, जणू तिचीच वाट बघत.

त्या संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला. मशीन कुठल्या रंगाचं घ्यायचं इथपासून पहिला वाडगा कुणाला द्यायचा इथपर्यंत सगळं तिने सांगून टाकलं. आई म्हणाली की हे म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. शिवाय असल्या मशीनचे नव्याचे नऊ दिवस असतात, मग ती माळ्यावर जातात. माळ्यावर फळांचा रस काढायचं यंत्र आधीच बसलंय, त्याला आता सोबत कशाला? बाबांनी हळूच आठवण करून दिली की पायांना मसाज करायची पेटीही तिथेच आहे आणि ती कुणी आणली होती हेही त्यांना आठवतं. आई म्हणाली की दिवसभर ब्रेक दाबणाऱ्या माणसाच्या पायांबद्दल दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने बोलू नये. मग दोघेही हसले.

बाबांचं म्हणणं वेगळं होतं. घरात वस्तू आणायची तर तिला राहायला घर लागतं. आधी जागा दाखव, मग वस्तू. भिंगरीने लगेच जागा दाखवली. मशीन राहील सरसाच्या भांड्याखालच्या फळीवर. पण भांड्यांच्या दुकानदाराकडून तिला कळलं होतं की मशीनचं एक जाड भांडं असतं, त्याच्या दुहेरी भिंतीत पाणी भरलेलं असतं, आणि ते भांडं आधी फ्रीजरमध्ये ठेवून दगडासारखं गोठवावं लागतं. इथे घोडं अडलं. फ्रीजर तर पुस्तकांचा.

बाबांनी विचार केला. वरच्या कप्प्यातली पुस्तकं आता बाहेर काढायची वेळ झालीच होती. ते म्हणाले, "वरचा कप्पा रविवारपर्यंत तुझा. शब्द देतो."

आईनेही आपली अट सांगितली. कुणाकडून तरी मशीन मागून आण. एकदा करून दाखव. "मी चाखेन, मग बोलू."

झालं, भिंगरीचं सगळं भवितव्य आईच्या एका चमच्यावर येऊन ठेपलं.

मशीन मिळालं ते वरच्या मजल्यावर, आणि तेही दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. भिंगरी त्यांना डॉक्टरमावशी म्हणे. दातांच्या डॉक्टरकडे आइस्क्रीमचं मशीन कसं, असं आईने जिन्यात विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "धंदा चालायला नको का?" मशीन त्यांच्याही माळ्यावरच होतं. आईने भिंगरीकडे असं काही बघितलं की बोलायची गरजच उरली नाही. डॉक्टरमावशी शिडीवर चढल्या, दोन खोकी बाजूला सारली आणि मशीन खाली आणलं. एका खोक्यातून पिवळसर पूड सांडलेली दिसली, तशा त्या जरा थबकल्या, पण दवाखान्याची वेळ झाली होती.

संध्याकाळी भिंगरीने बाबांना विचारलं, "भांडं फ्रीजरमध्ये ठेवाल?" आणि ती झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन तिने पाव भाजला, दुधात भिजवला, गाळला, मध आणि साय घातली. बाबांनी भांडं काढून दिलं, तिने मशीन सुरू केलं. आतलं पातं फिरू लागलं. ते फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं. दूध गरगरत होतं आणि दूधच राहत होतं. बाबा कामावरून उठून बघून गेले. पुन्हा आले. आई ड्युटीवरून आली तेव्हा दोघेही मशीनवर वाकून उभे होते, बंद पडलेल्या इंजिनावर वाकावं तसे.

आईने भांडं उचलून कानाशी हलवलं. आत पाणी डुचमळलं. गोठलंच नव्हतं.

"रात्रभर होतं ना फ्रीजरमध्ये?"

"होतं की," बाबा म्हणाले.

"मग हे काय?" आईने कचऱ्याच्या डब्याकडे बोट केलं. डब्यात टीपकागद, चारही बाजूंच्या मापाने कापलेला पुठ्ठा, वरून जाड प्लॅस्टिक आणि फीत. वर बाबांच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: 'उघडू नये.'

बाबांनी ते भांडं एखाद्या पुस्तकासारखं गुंडाळून ठेवलं होतं. इतकी वर्षं फ्रीजरमध्ये जे जाईल ते गुंडाळायचं, हाताला तीच सवय. हातांनी डोक्याला विचारलंच नव्हतं.

आई खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "अहो, भांड्याला कसर लागली होती का?"

बाबा कानापर्यंत लाल झाले. पण ते शिकवण्याची संधी सोडणाऱ्यातले नव्हते. त्यांनी भिंगरीला विचारलं, थंडीत तू ब्लँकेट घेतेस, तेव्हा ऊब ब्लँकेटमधून येते का? भिंगरी म्हणाली, हो. मग रिकाम्या पलंगावरचं ब्लँकेट गरम का नसतं? खरंच की. मग बाबांनी सांगितलं की ब्लँकेटला स्वतःची ऊब नसते. ते नुसतं दारावरच्या पहारेकऱ्यासारखं असतं. तुझ्या अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. आणि या भांड्यातली ऊब मी पुठ्ठ्यांच्या पहाऱ्यात कोंडून ठेवली, ती बिचारी बाहेर पडणार कुठून?

"पण मग पुस्तकंही गारच होत नसतील," भिंगरी म्हणाली.

"होतात, पण रमतगमत. त्यांना मी वेळ देतो. आणि प्लॅस्टिक त्यांना थंडीसाठी नसतंच, ते ओल लागू नये म्हणून."

रात्री भांडं पुन्हा फ्रीजरमध्ये गेलं, या वेळी काहीही न पांघरता. झोपायच्या आधी भिंगरीने दोनदा फ्रीजर उघडून ते बघितलं आणि आईने तिला सांगितलं की असं दार उघडत राहिलीस तर तूच आत जाऊन बस.

सगळं सुरळीत झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरमावशी खाली आल्या त्या छातीशी काहीतरी भलं मोठं धरून. नकाशांचं पुस्तक होतं ते, टेबलाचा निम्मा पृष्ठभाग खाईल एवढं. माळ्यावर मशीनजवळच्या खोक्यात सापडलेलं. त्यांच्या वडिलांचं. त्यांनी ते उघडलं तशी टेबलावर पिवळी पूड भुरभुरली. एक बारीक भोक एका देशात शिरत होतं, समुद्र ओलांडून पलीकडच्या देशातून निघत होतं आणि पुढच्या पानावर पुन्हा वाट धरत होतं.

बाबांनी पुस्तक लगेच मिटलं आणि प्लॅस्टिकमध्ये बांधून खिडकीच्या बाहेर कट्ट्यावर ठेवलं, कारण खोलीत इतरांची पुस्तकं होती आणि किड्यांना शेजारी जायला आमंत्रण लागत नाही. मग ते फ्रीजरकडे गेले. खालचा कप्पा गच्च भरलेला. वरच्या कप्प्यात मधोमध मशीनचं भांडं. नकाशांचं पुस्तक तिथे मावलं असतं, अगदी बरोबर मावलं असतं, पण एकटंच. डॉक्टरमावशींच्या फ्रीजरमध्ये तर बर्फाचा ट्रेही जेमतेम मावायचा.

बाबा दार लावून परत आले आणि डॉक्टरमावशींना म्हणाले, "जागा माझी नाही. रविवारपर्यंत तिला दिली आहे. तिला विचारा."

डॉक्टरमावशी म्हणाल्या की छे, इतकी वर्षं थांबलंय ते पुस्तक, रविवारपर्यंत थांबेल. आणि ते खरं होतं. कुणीच भिंगरीला काही करायला सांगत नव्हतं. मुलांनो, हेच तर अवघड असतं. कुणी हुकूम दिला की निदान रुसता येतं.

भिंगरी खिडकीशी गेली. प्लॅस्टिकमधून पुस्तक दिसत होतं. दुमडीत पिवळी पूड साचली होती, आणि मघापेक्षा जास्त आहे असं तिला वाटलं.

"ते आत्ता खातायत?" तिने विचारलं.

"जेवायला बसलेत," बाबा म्हणाले. "घाईत नाहीत. पण ताटावरून उठणारही नाहीत."

आईचा तो एक चमचा भिंगरीला दिसत होता, आणि तो लांब लांब जात होता. मग ती फ्रीजरकडे गेली, भांडं काढलं, कानाशी धरून हलवलं. आत जरासं अजूनही डुचमळत होतं. तिने ते फळीवर ठेवलं आणि बाबांना म्हणाली, "घाला ते आत. लवकर घाला."

बाबांनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला आणि कामाला लागले. नकाशांचं पुस्तक गेलं, दार लागलं. आता कितीतरी दिवस ते उघडणार नव्हतं.

डॉक्टरमावशी मात्र गेल्या नाहीत. त्या स्टुलावर बसून राहिल्या आणि मग सांगू लागल्या. त्यांच्या लहानपणी घरात फ्रीजच नव्हता, पण आइस्क्रीम व्हायचं. वडील बादलीत बर्फ आणि मीठ घालायचे, त्यात डबा बसवायचे आणि मुलांनी तो आळीपाळीने फिरवायचा. जो फिरवत नसेल त्याने हेच पुस्तक उघडून वडील म्हणतील तो देश शोधायचा. देश सापडला नाही तर डबा पुन्हा त्याच्याकडे.

"पण बर्फ तर लगेच वितळेल," भिंगरी म्हणाली. बोलता बोलता तिची नजर कचऱ्याच्या डब्यातल्या पुठ्ठ्यांवर गेली, आणि ती थांबली. "बाबा, पहारेकरी ऊब बाहेर जाऊ देत नाही. मग आत तरी येऊ देईल का?"

बाबांनी हातातली सुई खाली ठेवली. असा प्रश्न ऐकायला माणूस किती दिवस वाट बघतो म्हणून सांगू.

रविवारी आईची ड्युटी होती. ती सकाळी निघाली तेव्हा भिंगरी कोपऱ्यावरच्या मासेवाल्याकडून बर्फ आणायला निघाली होती. मासेवाल्याने बर्फ कशाला हवा ते विचारलं आणि उत्तर ऐकून वासाची जबाबदारी आपली नाही असं बजावलं. घरी येऊन बर्फ फडक्यात फोडला. बादलीच्या बाहेरून पुठ्ठा, त्यावर वर्तमानपत्रं, त्यावर जुनं ब्लँकेट. आत बर्फ, मीठ आणि मधोमध बिस्किटांचा रिकामा डबा. बाबांनी सांगितलं की मीठ बर्फाला वितळायला लावतं. वितळायला बर्फाला ऊब लागते, आणि ती तो शेजाऱ्याकडून ओढून घेतो. आता बर्फाचा शेजारी कोण? डबा. डब्यात कोण? दूध. तेच बिचारं गारठून घट्ट होतं.

डबा फिरवायला सगळे होते. नकाशांचं पुस्तक थंडीत होतं, त्यामुळे डॉक्टरमावशी देशांची नावं तोंडीच विचारत होत्या आणि बाबांना सगळ्यात जास्त वेळा डबा फिरवावा लागला. हात बधिर झाले. मधूनच झाकण उघडून कडेचं आइस्क्रीम चमच्याने आत लोटायचं, पुन्हा फिरवायचं. आणि मग एकदा चमचा आतच उभा राहिला.

चव घेतल्यावर बाबांनी दुसरा चमचा घेतला. डॉक्टरमावशी म्हणाल्या की त्यांनी आयुष्यभर लोकांना गोड खाऊ नका म्हणून सांगितलं, पण आज दवाखाना बंद आहे. भिंगरीने जिभेवर ते हळूहळू वितळू दिलं. खमंग, गोड आणि कडेला जरासं करपलेलं. अगदी डोक्यात होतं तसंच.

पण आई संध्याकाळी येणार होती. आणि फ्रीजर भरलेला.

बाबा काही सुचवणार इतक्यात भिंगरीने डबा पातेल्यात ठेवला, भोवती उरलेला बर्फ आणि मीठ भरलं आणि गुंडाळायला बसली. आधी वर्तमानपत्र, मग पुठ्ठा, मग ब्लँकेट. बाबा हात मागे बांधून बघत राहिले. फक्त एका ठिकाणी न राहवून त्यांनी वाकून कोपऱ्याची घडी सरळ केली. जित्याची खोड. मग दोघे ते गाठोडं मधोमध धरून बसच्या शेवटच्या थांब्यावर गेले. तिथे बस वळायची आणि आईला थोडी विश्रांती मिळायची.

बस आली, माणसं उतरली, आणि आईने खिडकीतून ते गाठोडं पाहिलं. "बाळ कुणाचं आणलंत?" ती म्हणाली.

मग ती खाली उतरून थांब्याच्या बाकावर बसली. भिंगरीने एकेक थर सोडला. डबा निघाला, वर बर्फाचा पांढरा थर धरलेला. आईने चमचा बुडवला, तोंडात घातला आणि समोर रिकाम्या बसकडे बघत राहिली.

"करपलंय जरा," ती म्हणाली.

"मुद्दाम," भिंगरी म्हणाली.

आईने दुसरा चमचा घेतला. तिसरा घेतला. मग कडेचं खाल्लं आणि एक डोळा बारीक केला. "इथे खारट आहे. झाकणातून मीठ शिरलंय."

आई म्हणाली, "मशीनचं काय करायचं, बोल. तुझ्यावर सोडते."

भिंगरीने विचार केला. काचेतलं ते मशीन तिला आठवलं. फ्रीजरमधलं नकाशांचं पुस्तक आठवलं, आणि त्याच्यानंतर रांगेत येणारी सगळी. "फ्रीजर रिकामा झाला की घेऊ," ती म्हणाली.

"तो रिकामा कधी होतो?" आई म्हणाली, आणि बाबांसकट तिघेही हसले. मग आई उठली, हात पुसले आणि ड्रायव्हरच्या जागेकडे जाता जाता म्हणाली, "पण घट्ट झाकणाचा एक चांगला डबा आणायचा. या आठवड्यातच. आणि पुढच्या वेळी पाव थोडा अजून भाजायचा."

बस निघाली. बाबा पातेलं आवरू लागले. तळाशी अजून बर्फ शिल्लक होता, आणि ब्लँकेट आतून अजून गार होतं. घरी जायचं ना, असं बाबांनी विचारलं, तर भिंगरी म्हणाली, थांबा.

तिने पातेल्यातले सारख्या आकाराचे दोन तुकडे निवडले. एक ब्लँकेटच्या कोपऱ्यात नीट गुंडाळला, दुसरा तसाच उघडा बाकावर ठेवला. आणि कधी नव्हे ती, हनुवटी हातांवर टेकवून, एका जागी बसली, कोणता आधी वितळतो ते बघत.